दाखल नोंदवही ते कोहा: घर सांभाळून केलेलं ग्रंथालयाचं संगणकीकरण

तालुक्याच्या गावातलं ब वर्गाचं सार्वजनिक ग्रंथालय, साधारण 14,000 पुस्तकं, दोन सत्रांत चालणारं काम आणि संगणकाचं शिक्षण जेमतेम एमएस-सीआयटीपर्यंत. एवढ्या भांडवलावर कोहा ही ग्रंथालयाचं काम चालवणारी संगणक प्रणाली शिकून, बसवून, तिच्यावर पुस्तकांची देवघेव सुरू करून एक वर्ष उलटलं. हे सगळं क्रमाने लिहून ठेवते आहे, कारण शोधायला गेलं की जी माहिती मिळते ती बहुतेक महाविद्यालयीन ग्रंथालयांची असते. त्यांच्याकडे प्रशिक्षित माणसं असतात आणि पुस्तकं बरीचशी इंग्रजी. आपल्याकडे नोंदवह्या असतात, त्याही चार पिढ्यांच्या चार हस्ताक्षरांतल्या.

आधीच सांगते, सॉफ्टवेअर हा या कामातला सोपा भाग आहे. खरा वेळ खाते ती दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला दाखल अंक देऊन त्याची नोंद होते ती वही. आणि घर सांभाळून हे करायचं तर कामं विषयानुसार वाटू नका. त्यांना सलग वेळ लागतो की मोडका वेळ चालतो, यानुसार वाटा. सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8 अशी ड्यूटी असली की दुपारी मुलं शाळेत असतात तेव्हाचे दोन-अडीच तास हाच सलग वेळ. बाकी सगळा मोडका: भाजी निवडताना, मुलांचा अभ्यास घेताना, रात्रीची भांडी झाल्यावर.

एप्रिल 2023: ठराव आणि निवड

काम सुरू करण्याआधी कार्यकारी मंडळाचा ठराव करून घ्या. त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात: कोणती प्रणाली, खर्चाची मर्यादा, आणि काम पूर्ण होईपर्यंत जुनी नोंद पद्धत चालू राहील हे. तिसरी गोष्ट लोक विसरतात, आणि मग मध्येच कुणीतरी विचारतं की कार्डं अजून का लिहिताय. आमच्याकडे सभा एकदा पुढे ढकलली गेली आणि महिना त्यातच गेला. तो वेळ नोंदवही तपासायला वापरता येतो, त्याला ठरावाची गरज नसते.

पर्याय तीन होते. एनआयसी या केंद्र सरकारच्या संस्थेचं ई-ग्रंथालय, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेचं सोल आणि कोहा. सोल प्रामुख्याने विद्यापीठं-महाविद्यालयांसाठी घडलेलं. ई-ग्रंथालय चांगलं आहे, शासकीय ग्रंथालयांना तर सोयीचंच. कोहा निवडलं ते दोन कारणांनी: परवान्याचा खर्च नाही, आणि माहिती आपल्याच यंत्रावर राहते, त्यामुळे इंटरनेट गेलं तरी देवघेव थांबत नाही. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ या भागातल्या सार्वजनिक ग्रंथालयांनी ते करून घेतलं आणि जानेवारी 2000 मध्ये वापरात आणलं. म्हणजे मूळ गरज आपल्यासारख्याच ग्रंथालयाची होती.

तेव्हाच्या खर्चाचा अंदाज द्यायचा तर: 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला वापरलेला डेस्कटॉप साधारण 18,000 रुपये, यूपीएस 3,000, तारेचा साधा बारकोड स्कॅनर 2,000च्या आसपास, लेबलचे कागद 3,000. याशिवाय राउटर आणि एक लेझर प्रिंटर लागतो, ते बहुधा असतात. तीन दरपत्रकं घ्या, बिल ग्रंथालयाच्या नावे घ्या, आणि वस्तू आली त्याच आठवड्यात जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवा. मार्चमध्ये लेखापरीक्षणाच्या आधी हे शोधत बसणं फार त्रासाचं होतं.

मे: शाळेला सुट्टी, म्हणजे सलग वेळ शून्य

मुलं घरी असताना सर्व्हर बसवायला घेऊ नये. मे महिना फक्त बघण्याचा ठेवला. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कोहाची पूर्ण मालिका आहे, मोफत. एकेक भाग लहान असतो, त्यामुळे स्वयंपाक करता करता ऐकता येतो. मात्र ऐकून शिकणं होत नाही. त्या मालिकेची रीतच अशी आहे की अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर ठेवून सोबत करत जायचं. पहिल्यांदा मोबाइलवर नुसतं ऐका, शब्द ओळखीचे होऊ द्या. दुसऱ्यांदा लॅपटॉपवर करा.

इथे बरेच जण गोंधळतात ते आवृत्तीमुळे. कोहाची नवी आवृत्ती दर मे आणि नोव्हेंबरमध्ये येते, आणि आवृत्तीचा क्रमांक म्हणजे वर्ष आणि महिना: 22.11 म्हणजे नोव्हेंबर 2022 ची. जुन्या व्हिडिओत नोंदी आयात करण्याचा पर्याय टूल्समध्ये दिसतो, नव्या आवृत्तीत तो कॅटलॉगिंगमध्ये गेला आहे. पडदा जुळला नाही की आपलंच काहीतरी बिघडलं असं वाटतं. आधी आवृत्ती बघा. आम्ही 22.11 घेतली, कारण तिला दीर्घकाळ आधार मिळणार होता.

मोबाइलवर करण्याजोगं मे महिन्यातलं दुसरं काम म्हणजे नोंदवहीतल्या अडचणींची यादी. कोणत्या वर्षी दाखल अंक पुन्हा 1 पासून सुरू झाले? बालविभागाची नोंदवही वेगळी आहे का? देणगीच्या पुस्तकांना वेगळी मालिका दिली होती का? एकच अंक दोनदा पडलाय असं कुठे आहे? त्या पानांचे फोटो काढून ठेवा. पुढचे बरेच निर्णय या यादीवर ठरतात.

जूनचा दुसरा पंधरवडा: सरावाचा सर्व्हर

शाळा सुरू झाल्या, दुपार मोकळी झाली. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरं आभासी यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर) टाकून त्यात उबुंटू 22.04 ही कार्यप्रणाली बसवली. लॅपटॉपला 8 जीबी रॅम असेल तर 4 जीबी आभासी यंत्राला द्या, डिस्क 40 जीबी पुरते. उबुंटूवर मारियाडीबी हा डेटाबेस आणि मग कोहाच्या अधिकृत भांडारातून कोहा-कॉमन हे पॅकेज. आज्ञा कोहाच्या विकीवर क्रमाने दिल्या आहेत. त्या हाताने टाइप न करता चिकटवा, कारण एक जागा किंवा एक आडवी रेघ चुकली तरी पॅकेज सापडत नाही. डाउनलोडला चांगलं नेट लागतं. गावाकडच्या नेटवर हे काम दुपारीच उरकावं, रात्री आठ ते अकरा सगळं गाव व्हिडिओ बघत असतं.

व्हर्च्युअलबॉक्सची सगळ्यात मोलाची सोय म्हणजे स्नॅपशॉट. प्रत्येक प्रयोगाआधी एक घ्या. बिघडलं तर दोन मिनिटांत मागे जाता येतं. ही सोय कळली की भीती निम्म्याने कमी होते, आणि मध्येच दूधवाला किंवा शाळेचा फोन आला तरी लॅपटॉप आहे तसा मिटता येतो. यंत्राची स्थिती जतन करण्याचा पर्याय तिथेच असतो.

बसवताना ज्या ठिकाणी थांबून विचार करावा अशा जागा थोड्या आहेत. मार्कचा, म्हणजे पुस्तकाची नोंद संगणकात ठेवण्याच्या ठरावीक मांडणीचा, प्रकार विचारतात तिथे मार्क21 निवडा, युनिमार्क नाही; हे नंतर बदलत नाही. नमुना ग्रंथालयं आणि नमुना सभासद घ्यायचे का विचारतात. सरावाच्या यंत्रावर घ्या, खऱ्या यंत्रावर घेऊ नका, नाहीतर सेंटरव्हिल आणि फेअरव्ह्यू अशी अमेरिकी नावाची ग्रंथालयं आपल्या यादीत येऊन बसतात. शाखेचा कोड एकदा दिला की बदलता येत नाही, म्हणून तो लहान आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा. आणि बसवताना मिळालेलं डेटाबेसचं नाव-पासवर्ड रोजच्या कामाला वापरू नका. स्वतःचं वेगळं खातं काढा, देवघेव करणाऱ्या सहकाऱ्याला फक्त देवघेवीचे अधिकार असलेलं वेगळं.

मराठी भाषांतर कोहात बसवता येतं, पण ते पूर्ण नाही. काही शब्द मराठी, काही इंग्रजी दिसतात. आमचा निर्णय असा की कर्मचाऱ्यांचा पडदा इंग्रजीच ठेवायचा. सगळी मदत, सगळे व्हिडिओ त्याच शब्दांत असतात. वाचकांचा शोध-पडदा मराठीत.

जुलै ते सप्टेंबर: तक्ता, म्हणजे खरं काम

कोहात एकेक पुस्तक थेट भरता येतं, पण 14,000 पुस्तकांसाठी तसं करू नये. गूगल शीट्समध्ये तक्ता करा. तिघं तीन ठिकाणांहून एकाच वेळी भरू शकतात, कुणी चुकून ओळ उडवली तर जुनी आवृत्ती परत आणता येते, आणि मोबाइलवर चालतो. मोडक्या वेळेचं काम म्हणजे हेच.

रकाने असे ठेवले: दाखल अंक, दाखल दिनांक, शीर्षक, उपशीर्षक, लेखक, अनुवादक किंवा संपादक, प्रकाशक, प्रकाशन स्थळ, वर्ष, आवृत्ती, पृष्ठे, आयएसबीएन, किंमत, वर्गांक, भाषा, विभाग, बिल क्रमांक, शेरा. एका खान्यात एकच गोष्ट. ‘पुणे, 1978’ असं एकत्र लिहिलं की नंतर सोडवताना जीव जातो. भाषा, विभाग आणि प्रकाशक यांसाठी निवडसूची लावा, टाइप करू देऊ नका. नाहीतर एकाच प्रकाशनाचं नाव पाच तऱ्हांनी येतं: ‘प्रकाशन’, ‘प्रका.’, ‘प्र.’, मध्ये जागा सोडून आणि न सोडता.

वेग ताशी 25 ते 30 ओळी. आमची 9,000 पुस्तकं आधीच्या एका सॉफ्टवेअरमध्ये भरलेली होती, ती एक्सेलमध्ये निघाली. उरलेली 5,000 नव्याने भरायची होती. म्हणजे साधारण 200 तास. तिघांनी रोज तासभर धरला तर सव्वादोन महिने. गणपती आणि गौरी मध्ये आल्यावर तीन. हा हिशोब आधी करून कार्यवाहांना लेखी द्या, म्हणजे ‘अजून किती?’ हा प्रश्न दर आठवड्याला येत नाही.

मोबाइलवर जीबोर्डचं मराठी बोलून-टाइप करणं शीर्षकांसाठी चांगलं चालतं, आडनावांसाठी बरं, प्रकाशकांसाठी वाईट. पाठीमागे टीव्ही चालू असेल तर अजिबात नाही. घरात शांत कोपरा नसेल तर उलटं करा: आकड्यांचे रकाने घरी भरा, शीर्षक-लेखक ग्रंथालयात, पुस्तक समोर ठेवून.

आता जुन्या एक्सेलची गोष्ट. ती माहिती युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या जुन्या फॉन्टमध्ये होती. असा मजकूर फॉन्ट काढला की इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसतो. परिवर्तक मिळतात, पण कोणत्या फॉन्टसाठी कोणता हे आधी ओळखावं लागतं. श्रीलिपी, कृतिदेव आणि आयएसएमचे डीव्ही-टीटी फॉन्ट यांची मांडणी वेगवेगळी आहे. परिवर्तनानंतर नेमक्या काही जागा बिघडतात: ऱ्हस्व वेलांटी एक अक्षर पुढे-मागे सरकते, रफार चुकीच्या अक्षरावर जातो, श्र, ज्ञ, क्ष फुटतात. आधी 100 ओळी करून बघा, चुकांची यादी काढा, मग शोधा-बदला पद्धतीने सगळीकडे दुरुस्त करा. सगळं परिवर्तन करून मग वाचत बसलात तर महिना जाईल.

यानंतरची अडचण डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी साठवला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे. शोधताना मात्र संगणकाला ते दोन वेगळे शब्द. वाचक एका तऱ्हेने टाइप करतो, नोंद दुसऱ्या तऱ्हेची, आणि पुस्तक कपाटात असून ‘सापडलं नाही’ येतं. ॲ चंही तेच: एक अखंड ॲ, दुसरा अ वर चंद्र देऊन केलेला.

उपाय शीट्समध्येच आहे. सबस्टिट्यूट आणि युनिचार ही दोन सूत्रं एकत्र वापरायची. युनिचारचे क्रमांक: र 2352, ऱ 2353, हलन्त 2381, न दिसणारं जोडचिन्ह 8205, अखंड ॲ 2418, अ 2309, चंद्र 2373. क्रम महत्त्वाचा. आधी 2352-2381-8205 या तिघांच्या जागी 2353-2381 आणा, आणि मगच उरलेली 8205 काढा. उलट केलंत तर ‘दुसऱ्या’चा रफार होऊन बसतो, ‘सूर्या’मध्ये असतो तसा, आणि मग कोणता र मुळात कुठला होता हे कळायचा मार्ग उरत नाही. याच फेरीत शब्दांमागच्या जादा जागा ट्रिम सूत्राने काढा, आणि विसर्गाऐवजी टाइप झालेला अपूर्णविराम दुरुस्त करा.

लेखकांच्या नावांसाठी नियम आधी ठरवून भिंतीवर लावा: आडनाव, स्वल्पविराम, आद्याक्षरं, प्रत्येक आद्याक्षरानंतर टिंब आणि एक जागा. टोपणनाव असेल तर पुस्तकावर छापलेलं नाव मुख्य, खरं नाव जोडनोंदीत. वाचक ‘कुसुमाग्रज’ म्हणून कविता मागतो आणि ‘शिरवाडकर’ म्हणून नाटक. दोन्हीकडून सगळं सापडलं पाहिजे. कोहात यासाठी अधिकृत नावांची वेगळी सोय आहे, पण लहान ग्रंथालयाने पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नये. निवडसूची पुरते.

तयार नोंदी बाहेरून उतरवून घ्याव्यात का? झेड39.50 ही दुसऱ्या ग्रंथालयाच्या नोंदी शोधून आणण्याची पद्धत वापरून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी कोहात थेट येतात, आणि तिथे मराठी पुस्तकं खूप आहेत. पण त्या नोंदी मुळात रोमन लिप्यंतरात असतात, अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबं; देवनागरी असलीच तर मार्क नोंदीतल्या 880 क्रमांकाच्या वेगळ्या क्षेत्रात. देवनागरीत शोधणाऱ्या आपल्या वाचकाला त्याचा उपयोग कमी. इंग्रजी पुस्तकांसाठी मात्र आयएसबीएन टाकून नोंद ओढणं फार सोयीचं.

वर्गांकासाठी ड्यूई ही दशांश वर्गीकरण पद्धत वापरत असाल तर मराठी साहित्य 891.46, त्यात कविता 891.461, नाटक 891.462, कथा-कादंबरी 891.463, निबंध 891.464. सार्वजनिक ग्रंथालयात पुष्कळ पुस्तकं एकट्या 891.463 मध्ये जातात, म्हणून त्यापुढे लेखकाची आद्याक्षरं लावलीच पाहिजेत. तुमच्याकडे ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘प्रवास’ अशी विषयवार कपाटं असतील तर ती मोडू नका. कोहात ‘विभाग’ हा वेगळा रकाना आहे, कपाटाचं नाव तिथे जातं.

बारकोडचा क्रमांक म्हणजेच दाखल अंक, हा सरळ नियम. सहा आकडी करा: 000123. बालविभागाची वेगळी मालिका असेल तर ती 500001 पासून चढवा, कारण कोहात एक बारकोड एकदाच चालतो. पुढे ‘बी’सारखं इंग्रजी अक्षर लावू नका. स्कॅनर हा संगणकाच्या दृष्टीने कळफलकच असतो. कळफलक मराठीवर राहिला असेल तर ते अक्षर देवनागरी उमटतं आणि पुस्तक सापडत नाही. तक्त्यात हा रकाना ‘मजकूर’ प्रकारचा करा, नाहीतर पुढची शून्यं गळतात. आयएसबीएनचा रकानाही तसाच. आकडा समजून एक्सेल त्याचं 9.78ई+12 करून टाकतं, आणि तशीच मजकूर फाइल म्हणून जतन झाली की मूळ अंक गेलेच.

फाटली, हरवली, बाद केली अशी पुस्तकं गाळू नका. ती तक्त्यात घ्या आणि शेऱ्यात ‘बाद’ लिहा. एकूण नोंदी आणि नोंदवहीचा शेवटचा अंक जुळला पाहिजे. तपासणीला नोंदवही समोर ठेवावीच लागते. संगणकातला आकडा वेगळा निघाला तर समजावत बसावं लागतं.

ऑक्टोबर: आयात

दसऱ्यानंतरच्या आठवड्यात, खऱ्या यंत्रावर. तक्ता थेट कोहात जात नाही, आधी मार्क नोंदींत बदलावा लागतो. त्यासाठी मार्कएडिट हे मोफत सॉफ्टवेअर. त्यातलं डिलिमिटेड टेक्स्ट ट्रान्सलेटर. कोणता रकाना कोणत्या क्षेत्रात जाईल ते एकदा सांगायचं आणि ती मांडणी जतन करायची. शीर्षक 245 ए, उपशीर्षक 245 बी, लेखक 100 ए, अनुवादक-संपादक 700 ए, आवृत्ती 250 ए, स्थळ-प्रकाशक-वर्ष 260 ए-बी-सी, पृष्ठे 300 ए, आयएसबीएन 020 ए, ड्यूई 082 ए. प्रतीची माहिती सगळी 952 मध्ये: पी बारकोड, ओ बोधांक (वर्गांक आणि लेखकाची आद्याक्षरं मिळून), ए आणि बी शाखा, वाय पुस्तकाचा प्रकार, डी दाखल दिनांक, जी किंमत, सी विभाग. शिवाय 942 सी मध्ये पुन्हा प्रकार. 952 मधले ए, बी आणि वाय हे कोहात आधी तयार केलेल्या कोडशी तंतोतंत जुळले पाहिजेत, इंग्रजी मोठी-लहान अक्षरंसुद्धा.

मजकूर फाइल युटीएफ-8 या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीतच काढा. लिब्रेऑफिसमध्ये जतन करताना तो पर्याय समोर विचारला जातो, म्हणून मी एक्सेलपेक्षा तेच सुचवीन. मार्कएडिटमध्ये युटीएफ-8 ची खूण करा. नोंदीच्या शीर्षपट्टीतल्या नवव्या स्थानी ‘ए’ नसेल तर कोहा तिला मार्क-8 या जुन्या अक्षरपद्धतीतली समजून बदलायला जातो आणि देवनागरीची वाट लागते.

पहिली खेप 50 नोंदींची. त्यात सोपी पुस्तकं घेऊ नका. लेखक नसलेलं, तीन लेखक असलेलं, अनुवादित, दोन खंडांचं, इंग्रजी, बाद केलेलं, बालविभागाचं असं निवडून घ्या. कोहात आधी नोंदी ‘स्टेज’ होतात, म्हणजे तात्पुरत्या उतरवून ठेवल्या जातात, मग आयात. आयात मागे घेण्याचीही सोय आहे, ती या 50 वर एकदा करून बघा. मग 1,000-1,000 च्या खेपा. मोठी फाइल एकदम दिली तर ब्राउझर अडकतो, आणि चूक शोधायची कुठे तेही कळत नाही. प्रत्येक खेपेनंतर किती प्रती नाकारल्या तो आकडा बघा; नाकारल्या असतील तर जवळपास नेहमी बारकोड दोनदा आलेला असतो.

एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती हा त्रास वेगळाच. नोंदवहीत प्रत्येक प्रतीला ओळ, म्हणून तक्त्यातून गेलं की वाचकाला तेच पुस्तक आठ वेळा दिसतं. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं यात हमखास असतात. ती वेगळ्या पानावर काढून ठेवा, कोहात हाताने एक नोंद करा आणि अनेक प्रती जोडण्याचा पर्याय वापरा. बारकोड ओळीने वाढत जातो. एकदम खरेदी केलेल्या प्रतींचे दाखल अंक सलग असल्याने हे पटकन होतं. आधीच चढलेल्या नोंदी यादीत घेऊन एकत्र करता येतात.

आयातीनंतर देवनागरी शोध तपासा. झेब्रा ही कोहाची शोधयंत्रणा मूळ मांडणीत देवनागरीला नीट न्याय देत नाही. ती आयसीयू या युनिकोड अक्षरं नीट हाताळणाऱ्या पद्धतीवर न्यावी लागते आणि मग पूर्ण अनुक्रमणी पुन्हा बांधावी लागते. एवढ्या एका कामासाठी जाणकाराची मदत घ्यायला हरकत नाही.

सर्व्हरला राउटरमध्ये कायमचा पत्ता देऊन ठेवा. नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि काउंटरवरचा संगणक कोहा उघडत नाही. यूपीएस सर्व्हर आणि राउटर दोघांनाही हवा.

नोव्हेंबर: दिवाळी अंकांवर चाचणी

त्या वर्षी दिवाळी 12 नोव्हेंबरला होती. देवघेव सगळ्या पुस्तकांची एकदम सुरू करण्याऐवजी फक्त दिवाळी अंकांची कोहावर घेतली. त्याची वर्गणी वेगळी, सभासद मर्यादित, अंक नवे कोरे, जुन्या नोंदींचं ओझं नाही. एका अंकाच्या नावाची एक नोंद करावी आणि प्रत्येक वर्षाचा अंक तिच्याखाली प्रत म्हणून लावावा. वर्ष प्रतीच्या रकान्यात. प्रकार वेगळा ठेवला की मुदतही वेगळी देता येते.

या चाचणीत देवघेवीचे नियम पक्के होतात. कोहात सभासदाचा वर्ग आणि पुस्तकाचा प्रकार यांचा तक्ता असतो: एक-पुस्तक वर्गणी, दोन-पुस्तक वर्गणी, बाल सभासद, पुस्तक 15 दिवस, मासिक 3 दिवस वगैरे. साप्ताहिक सुट्टी आणि सणांच्या सुट्ट्या दिनदर्शिकेत आधी भरा, नाहीतर परतीची तारीख बंदच्या दिवशी पडते आणि दंडावरून वाद होतो.

सभासदांची यादी सीएसव्हीमधून, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकूर फाइलमधून, आयात होते. तिथे तारखांकडे लक्ष द्या. 01/02/2023 हे जानेवारी की फेब्रुवारी, हे तुमच्या कोहातल्या तारखेच्या मांडणीवर ठरतं. वर्ष-महिना-दिवस असं लिहिलं की प्रश्न मिटतो. आधार क्रमांक कोहात भरू नका, देवघेवीला त्याची गरज नाही. आणि एसएमएसच्या नादी लागू नका. व्यावसायिक संदेशांसाठी दूरसंचार कंपन्यांकडे डीएलटी नावाची नोंदणी लागते, लहान ग्रंथालयाला ते झेपत नाही. मुदत संपलेल्यांची यादी काढून फोन करणं स्वस्त.

डिसेंबर: लेबलं

पावसाळ्यात लेबलं चिकटवू नका, दमट कागदावर कडा उचलतात. ए4 कागदावर 65 लेबलं येतात, एक लेबल 38.1 बाय 21.2 मिलिमीटर. दर पुस्तकाला दोन लेबलं धरली, एक शीर्षकपानाच्या मागे आणि एक दिनांक-पत्रकाशेजारी, तर 14,000 पुस्तकांना 431 कागद होतात. वाया जाणारे धरून 450. 100 कागदांचं पाकीट तेव्हा 500 ते 700 रुपयांत मिळत होतं. छपाई लेझरवर, इंकजेटची शाई घामाच्या हाताने पसरते. छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद करून 100 टक्के आकार ठेवा, नाहीतर खालच्या ओळी सरकत जातात. अर्धा वापरलेला कागद पुन्हा प्रिंटरमध्ये घालू नका, लेबल सुटून आत ड्रमला चिकटतं.

कोहाच्या स्वतःच्या लेबल साधनात देवनागरी जोडाक्षरं मोडतात. म्हणून बारकोड आकड्यांचा, आणि कण्यावरची मराठी लेबलं लिब्रेऑफिसच्या मेल-मर्जमधून (तक्त्यातली माहिती एकेका लेबलावर आपोआप भरणारी सोय).

चिकटवायला घरची मंडळी येतात, मदत होते, पण एक शिस्त पाळा: चिकटवणारा एक, आणि लगेच स्कॅन करून पडद्यावरचं नाव पुस्तकाशी ताडणारा दुसरा. नंतर ताडू म्हटलं की एक लेबल घसरल्यावर पुढची सगळी रांग चुकते.

जानेवारी ते मार्च 2024

देवघेव महिनाभर दोन्हीकडे ठेवली, कार्डावर आणि कोहावर. दुप्पट काम आहे, पण वीज गेल्यावर आणि सहकारी नवखे असताना त्याचाच आधार असतो. लेबल न लावलेलं पुस्तक परत आलं तर तिथल्या तिथे लावून मग कपाटात. ज्या प्रती बाहेर होत्या त्या अशाच गोळा होतात.

कोहा रोज रात्री आपोआप बॅकअप घेतो, पण मूळ मांडणीत फक्त शेवटच्या दोन दिवसांचे ठेवतो, आणि तेही त्याच डिस्कवर. शिवाय यंत्र रात्री बंद करत असाल तर ते काम त्या वेळी होत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा ती फाइल पेनड्राइव्हवर, आणि महिन्यातून एकदा घरच्या सरावाच्या यंत्रावर परत चढवून बघा. परत चढवून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

मार्चमधली साठा पडताळणी आता लॅपटॉप कपाटाजवळ नेऊन होते. नोटपॅड उघडायचं, एका कपाटाची सगळी पुस्तकं स्कॅन करत जायचं, फाइल जतन करून कोहाच्या इन्व्हेंटरी साधनात द्यायची. न सापडलेल्यांची यादी निघते. एक कपाट म्हणजे एक फाइल, नावात कपाट क्रमांक. मध्येच घरून फोन आला तर ते कपाट पूर्ण करून उठा. यादीत बाहेर गेलेली पुस्तकं दिसू नयेत म्हणून तो पर्याय आधी निवडावा लागतो.

अद्ययावत आवृत्ती साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी घ्या, बॅकअपनंतर, आणि आधी सरावाच्या यंत्रावर. मे आणि नोव्हेंबर लगेच गाठायची घाई नको. दीर्घ आधाराच्या आवृत्तीतल्या सुरक्षा-दुरुस्त्या वेळेवर घेतल्या तरी पुरतं.